लियॉन दोन मुक्कामांत नीट कसं बघायचं, काय खायचं आणि लोक नेमकं कुठे चुकतात

फ्रान्सला जाणारे आपले बरेच लोक पॅरिसवरून लियॉन 'एका दिवसात उरकून' येतात, आणि परत आल्यावर सांगतात की चढ फार होता, हॉटेलं बंद होती, व्हेज काहीच मिळालं नाही. गेल्या काही वर्षांत ओळखीच्यातल्या बऱ्याच जणांना मी फोनवर हा प्लॅन करून दिला आणि दरवेळी त्याच त्या चुका ऐकल्या, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. लियॉनमध्ये दोनच गोष्टी सांभाळायच्या. डोंगर चढायचा मशिनने आणि उतरायचा पायी. आणि जेवणाच्या वेळा आधी ठरवून बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बसवायचा. आपल्याकडे आपण उलटं करतो, आधी बघून घेऊ मग भूक लागली की जेवू, आणि तिथेच सगळं फिसकटतं.

खालचा प्लॅन दोन मुक्कामांचा आहे. पहिल्या दिवशी सकाळी पॅरिसहून निघायचं, तिसऱ्या दिवशी दुपारी परत.

टप्पा १: वार ठरवा, मगच तिकीट काढा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. तिकीट सोमवारचं स्वस्त मिळालं म्हणून लोक सोमवारी जातात. सोमवारी लियॉनमध्ये काय बंद असतं बघा: कॉन्फ्लुआंस म्युझियम, ल्युमिएर म्युझियम, रोमन म्युझियम, क्रुआ-रूसचा बाजार, हाल मार्केटमधली बहुतेक दुकानं आणि अर्धीअधिक चांगली रेस्टॉरंट्स. रविवारी संध्याकाळीही जेवायची पंचाईत होते. आणि मंगळवारी तेरो चौकातलं बोझार, म्हणजे चित्रांचं मोठं म्युझियम, बंद.

म्हणून बुधवारी पोचा आणि शुक्रवारी निघा, किंवा गुरुवार ते शनिवार. एवढं केलंत की अर्धं काम झालं.

ऑगस्टमध्ये जात असाल तर एक लक्षात ठेवा, घरगुती पद्धतीची बरीच छोटी रेस्टॉरंट्स तेव्हा दोन-तीन आठवडे सुट्टीवर असतात. आणि ८ डिसेंबरच्या आसपास चार दिवस फेत दे ल्युमिएर हा दिव्यांचा उत्सव असतो. तो बघायलाच जायचं असेल तर जरूर जा, ८ तारखेला लोक खिडक्यांत काचेच्या पेल्यांत पणत्यांसारख्या मेणबत्त्या लावतात, आपल्या माणसाला दिवाळीच आठवते. पण हॉटेल कितीतरी महिने आधी बुक करायला लागतं आणि गर्दीमुळे संध्याकाळी मध्यभागातले रस्ते एकेरी चालवतात. शहर बघणं आणि उत्सव बघणं एकाच ट्रिपमध्ये नीट जमत नाही.

टप्पा २: ट्रेन आणि स्टेशनांची नावं

पॅरिसहून तेजेव्हे, म्हणजे फ्रान्सची फास्ट ट्रेन, साधारण दोन तासांत लियॉनला पोचवते. तिकीट जितकं आधी तितकं स्वस्त, शेवटच्या आठवड्यात तिप्पट झालेलं पण मी बघितलंय. उईगो नावाची स्वस्त ट्रेन पण आहे, पण तिच्यात मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे पडतात, ते बुकिंग करतानाच भरा.

आता नावांचा घोळ नीट वाचा:

- गार द लियों हे स्टेशन पॅरिसमध्ये आहे. तिथून ट्रेन सुटते. ते लियॉन नाही.
- लियों पार-द्यू हे लियॉनचं मुख्य स्टेशन. इथेच उतरायचं.
- लियों पेराश हे दुसरं स्टेशन, बेलकूर चौकाच्या जवळ. काही ट्रेन पार-द्यूवरून पुढे तिथपर्यंत जातात. हॉटेल त्या बाजूला असेल तर उत्तम.
- लियों सेंत-एक्झुपेरी हे विमानतळावरचं स्टेशन, शहरापासून लांब. चुकून इथलं तिकीट काढलंत तर रोनएक्सप्रेस ट्राम पकडून पार-द्यूला यायला अर्धा तास आणि वेगळे पैसे.

आणखी एक, भारतातून विमानाने पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरून थेट लियॉनला जायचं असेल तर त्या विमानतळावरूनच लियॉनची तेजेव्हे आहे. पॅरिस शहरात बॅगा ओढत जायची गरज नाही. विमानाला उशीर होऊ शकतो म्हणून मध्ये निदान तीन तास ठेवा.

*निघण्याआधी तपासा:* प्रत्येक बॅगेवर नावाचं लेबल हवं, तिथे तसा नियमच आहे. प्लॅटफॉर्म नंबर गाडी सुटायच्या साधारण वीस मिनिटं आधीच बोर्डवर लागतो, त्यामुळे घाबरू नका, पण बोर्डासमोरच थांबा. गाडीचे दरवाजे सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात आणि मग कुणासाठी उघडत नाहीत.

टप्पा ३: हॉटेल कुठे घ्यायचं

लियॉनमध्ये दोन नद्या आहेत, सोन आणि रोन. दोन्हींच्या मधे जी जमिनीची लांबट पट्टी आहे ती प्रेस्किल. हॉटेल तिथे घ्या, बेलकूर चौक ते तेरो चौक या पट्ट्यात कुठेही. तिथून सगळीकडे चालत जाता येतं. बजेट कमी असेल तर पार-द्यूच्या आसपास बघा, मेट्रोने दहा-पंधरा मिनिटं.

वियू लियॉन, म्हणजे जुन्या शहरात, फोटो बघून हॉटेल घेऊ नका असं मी सांगेन. गल्ल्यांत गोट्यांची फरसबंदी आहे, चाकांची बॅग ओढताना चाकं मोडतात, जुन्या इमारतींत लिफ्ट बहुतेक नसते आणि शनिवारी रात्री उशिरापर्यंत खाली कलकलाट. आईवडील बरोबर असतील तर नकोच.

बुकिंगच्या रकमेत धरलेला नसेल तर पर्यटक कर माणशी दर रात्री हॉटेलवर वेगळा द्यावा लागतो, त्यावरून काउंटरवर वाद घालू नका.

टप्पा ४: जेवणाचं घड्याळ (हा टप्पा सोडू नका)

दुपारचं जेवण १२ ते २. रात्रीचं ७ किंवा साडेसातपासून पुढे, साडेनऊनंतर किचन बंद व्हायला लागतं. मधल्या वेळात चांगल्या रेस्टॉरंटचं दार बंद म्हणजे बंद. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका ठिकाणी दुपारी अडीचला पोचलो होतो, आत माणसं जेवत होती, टेबलं रिकामी होती, आणि तरी नाही म्हणाले, आचारी घरी गेला. आई बरोबर होती, तिची शुगर खाली आलेली, आणि बेलकूर चौकातल्या बाकावर बसून गार सँडविच खायला लागलं. त्या दिवसापासून जेवणाची वेळ आधी आणि बाकी सगळं नंतर, हे पक्कं झालं.

बुशों म्हणजे लियॉनची खास छोटी खानावळ, लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, चिकटून चिकटून टेबलं. तिथे दोन-तीन दिवस आधी टेबल बुक करा, ऑनलाइन होतं. नाव बुशों असलं म्हणून खरा बुशों असतोच असं नाही. दारावर 'ले बुशों लियोने' ची अधिकृत पाटी आहे का बघा, आणि मेनू सहा भाषांत फोटोंसकट बाहेर लावलेला असेल तर पुढे चला.

मेनूतले सापळे. हे शब्द फोनमध्ये फ्रेंच स्पेलिंगसकट सेव्ह करून ठेवा:

- आंत्रे म्हणजे सुरुवातीची डिश. मेन कोर्स नाही. मेन कोर्सला प्ला म्हणतात. फोर्म्युल म्हणजे आंत्रे-प्ला किंवा प्ला-गोड असा ठरलेल्या किमतीचा सेट, दुपारी तोच घ्या, स्वस्त पडतो.
- री द व्हो. इथे 'री' च्या स्पेलिंगमध्ये शेवटी एस असेल तर ती वासराची ग्रंथी, झेड असेल तर भात. उच्चार एकच. माझ्या वहिनीने भात समजून मागवलं आणि ताट तसंच परत गेलं.
- आंदुयेत म्हणजे आतड्यांचं सॉसेज, वास उग्र असतो. ताब्लिये द सापर म्हणजे गायीच्या पोटाचा तळलेला तुकडा. गातो द फ्वा म्हणजे केक नव्हे, लिव्हरचा पदार्थ. बुदां रक्ताचं सॉसेज.
- लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. सालाद लियोनेज हे नुसतं सॅलड वाटतं पण त्यात हे लार्दों आणि वर अर्धकच्चं अंडं असतंच.

मांसमच्छी खाणाऱ्यांनी काय घ्यावं? माझं मत विचाराल तर केनेल द ब्रोशे आधी घ्या. ब्रोशे नावाचा नदीतला मासा, त्याचा गर मैदा, अंडं, लोण्यात घोटून लांबट गोळा करतात आणि सॉसमध्ये भाजतात. भट्टीतून आला की दुप्पट फुगलेला असतो, वरचा पापुद्रा किंचित करपलेला, चमचा टेकवला की आत अगदी हलका, आणि भोवतीचा नांतुआ सॉस केशरी, कोळंबीसारख्या गोड्या पाण्यातल्या जिवाचा. फुगलेला लगेच बसतो, त्यामुळे फोटो एकच काढा आणि खा. ब्रियोशमध्ये भाजलेलं सॉसेज, सोसिसों ब्रियोशे, हे दुसरं, पण ते पोर्क आहे.

शाकाहारी लोकांनी जरा नीट वाचा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर काही ठिकाणी मासा आणून देतात. म्हणा, *सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों*, म्हणजे मांस नको, मासा नको, लार्दों नको. मग हे मिळतं: सेर्वेल द कानू, नावाचा अर्थ विणकराचा मेंदू पण आहे ताजं चीज, आपल्या चक्क्यासारखं, त्यात बारीक चिरलेला कांदा-लसणीच्या पातीसारखा पाला, व्हिनेगर, तेल. पावाबरोबर मस्त लागतं. ग्रातां दोफिन्वा, म्हणजे दूध-क्रीममध्ये शिजवून भाजलेले बटाट्याचे काप. हिरव्या मसुराचं सॅलड, लार्दोंशिवाय. केनेल 'नात्युर' मासा न घालता करतात पण सॉस कुठला ते विचारा, नांतुआ असेल तर नको. कांद्याचं सूप टाळा, त्यात बहुतेक बीफचा स्टॉक असतो. आणि जे अगदी कडक पाळतात त्यांनी हेही धरून चाला की तिथल्या पारंपरिक चीजसाठी दूध गोठवायला प्राण्यांच्या पोटातलं रेनेट वापरतात.

जैन असाल तर बुशोंचा हट्ट सोडा. किचन असलेली खोली घ्या, बाजारातून फळं-भाजी आणा, बेकरीतला 'त्रादिस्यों' बगेत घ्या, तो मुख्यतः मैदा, पाणी, मीठ आणि यीस्टचा असतो. घरून थेपले, दशम्या न्या.

*टेबलावर बसल्यावर:* आत शिरल्याबरोबर 'बाँजूर' म्हणा, संध्याकाळी 'बाँस्वार'. हे न म्हणता थेट 'टेबल फॉर फोर' केलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, आणि त्यांचं चुकत नाही, तिथे ती साधी माणुसकी समजतात. पाणी मागताना 'युन काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं आणि पिण्यासारखं असतं. वाईन घेणाऱ्यांनी 'पो' मागावा, जाड बुडाची ४६ सेंटिलिटरची बाटली, दोघांना पुरते. सर्व्हिस चार्ज बिलात धरलेला असतो, टिप सक्तीची नाही.

टप्पा ५: पहिला दिवस, फुर्विएर आणि जुनं शहर

पॅरिसहून सकाळी निघा, बाराच्या आत हॉटेलवर बॅगा टाका, खोली मिळाली नाही तरी बॅगा ठेवून घेतात. साडेबाराला जेवा. मग दुपारी तीनच्या सुमारास फुर्विएर टेकडी.

दुपारीच का? वरची गच्ची पूर्वेला तोंड करून आहे. सकाळी गेलात तर सूर्य डोळ्यांत आणि खालचं शहर धुरकट, दुपारनंतर ऊन तुमच्या पाठीमागून लाल कौलांवर पडतं. हवा स्वच्छ असेल तर लांब मों ब्लांसुद्धा दिसतो. डिसेंबर-जानेवारीत पाचलाच अंधार होतो, तेव्हा दोनलाच निघा.

जायचं कसं: मेट्रो डी लाइनने वियू लियॉन स्टेशन. त्याच स्टेशनातून फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर ओढली जाणारी डोंगरगाडी सुटते, स्थानिक लोक तिला 'फिसेल' म्हणतात, म्हणजे दोरी. तिथे दोन गाड्या आहेत. एक फुर्विएरला जाते, दुसरी सें-जुस्टला. पाटी वाचून फुर्विएरचीच पकडा. मेट्रोचं एक तिकीट तासभर चालतं आणि फ्युनिक्युलरलाही चालतं, फक्त प्रत्येक वेळी मशिनला लावा. लावलं नाही आणि चेकर आला तर टुरिस्ट आहोत वगैरे ऐकत नाहीत, जागेवर दंड.

वर पोचल्यावर क्रम असा: आधी बाझिलिक, वरचं आणि तळातलं अशी दोन चर्च आहेत, दोन्ही बघा, प्रवेश फुकट. मग मागची गच्ची. मग पाच-सात मिनिटं चालून रोमन थिएटर, तेही फुकट. दगडी पायऱ्यांवर दहा मिनिटं शांत बसा. उन्हाळ्यात जून-जुलैमध्ये तिथेच कार्यक्रम होतात, तेव्हा संध्याकाळी भाग बंद असू शकतो.

उतरताना बाझिलिकपाशी परत या आणि रोझेअर बागेच्या वाटेने वळणावळणाने खाली चालत जुन्या शहरात उतरा. गुडघे दुखत असतील तर थिएटरच्या खालच्या बाजूला मिनिम स्टेशन आहे, तिथून दुसऱ्या फ्युनिक्युलरने खाली. खालून वर चालत जायचा उत्साह नको, सगळ्या पायऱ्याच पायऱ्या आहेत आणि मग पुढचा दिवस पाय धरून बसायला लागतं.

खाली आलात की त्राबूल. इमारतींच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणाऱ्या या बोळकांड्या. लोक र्यू सें-जाँवरून (र्यू म्हणजे रस्ता) तीनदा फेऱ्या मारतात आणि एकही दिसत नाही, कारण बाहेरून ते साधं बंद लाकडी दार असतं. ५४, र्यू सें-जाँ शोधा. दाराजवळचं बटण दाबा, खटका वाजला की दार ढकला. आत अंधार असतो, भिंतीवर दिव्याचं बटण आहे, तो दिवा थोड्या वेळाने आपोआप जातो. डोळे सरावले की चौक, गोल जिना, वर आभाळाचा चौकोनी तुकडा, कुणाच्या तरी पत्रपेट्या, एखादी सायकल. एकामागून एक चौक ओलांडत तुम्ही २७, र्यू द्यु बफला बाहेर निघता. हे जुन्या शहरातलं सगळ्यात लांब त्राबूल. मग त्याच रस्त्याने १६ नंबरला या, आत तूर रोझ हा गुलाबी मनोरा आहे.

*लक्षात ठेवा:* इथे लोक राहतात. आवाज न करता चाला, खिडक्यांत कॅमेरा नको, आणि साधारण संध्याकाळी सातच्या आत उरका, नंतर दारं उघडत नाहीत. दार उघडलं नाही तर दुसरं बघा, रहिवाशांच्या बेल वाजवू नका.

टप्पा ६: दुसरा दिवस, क्रुआ-रूस वरून खाली

सकाळी नऊला मेट्रो सी लाइन, ऑतेल द व्हील स्टेशनवरून क्रुआ-रूसपर्यंत. ही मेट्रो दातेरी रुळावर चढ चढते, पुढच्या खिडकीशी उभे राहा, मुलांना आवडतं. वर बाजार भरलेला असतो, एकपर्यंत. चेरी, पीच, चीज, अक्रोड, फ्रेंच आजीबाई ढकलगाड्या घेऊन. फळाला हात लावू नका, विक्रेता काढून देतो, हात लावलेला तिथे अजिबात चालत नाही.

तिथून चालत म्युर दे कानू ही भलीमोठी चित्रभिंत बघा, अख्ख्या इमारतीवर पायऱ्यांचा रस्ता असा रंगवलाय की लांबून खराच वाटतो. मग मेझों दे कानू, म्हणजे विणकरांचं घर, र्यू दिव्रीवर. इथे हातमाग चालवून दाखवतात, वेळ आधी बुक करा. येवल्याची पैठणी किंवा सोलापूरची चादर विणताना ज्यांनी माग बघितलाय त्यांनी हे चुकवूच नये, कारण आपल्याकडे ज्याला जॅकार्ड म्हणतात ते जोसेफ मारी जाकार या लियॉनच्याच माणसाचं, १८०४ चं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर सरकते, ज्या भोकातून सुई जाते तो दोरा उचलला जातो, आणि खाली फूल उमटतं. हा माग इतका उंच की त्यासाठी इथल्या घरांची छतं चार मीटरवर नेली. बाहेर पडलात की वर बघा, त्या उंच खिडक्या म्हणजे मागांच्या खोल्या.

उतार आता. ९, प्लास कोल्बेरला कूर दे व्होरास, मोठा सहा मजली दगडी जिना असलेला चौक, त्यातून खाली उतरा. मग मोंते द ला ग्रांद कोतने थेट तेरो चौकात. साडेबारा वाजलेले असतील, आधीच बुक करून ठेवलेला बुशों गाठा. हे जेवण ट्रिपमधलं मुख्य, घाई नको, दोन तास धरा.

जेवणानंतर बोझार म्युझियम किंवा, सिनेमाचं वेड असेल तर, मेट्रो डीने मोंप्लेझिर-ल्युमिएर. ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार जिथे टिपले तीच जागा, रस्त्याचं नावच 'पहिल्या फिल्मचा रस्ता'. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवलेल्या फिल्म्स यांच्याच, म्हणून मला ती जागा बघताना भरून आलं होतं. दोन्ही म्युझियम एका दुपारी कोंबू नका, एकच निवडा.

लहान मुलं असतील तर दोन्ही सोडा आणि तेत दोर पार्कला जा. ११७ हेक्टर, तळं, प्राणिसंग्रहालय, गुलाब, सगळं फुकट.

संध्याकाळी रोनच्या काठाने चाला. भूक कमीच असेल, एखाद्या बेकरीतून तार्त ओ प्रालीन घ्या. बदामाला गुलाबी साखरेचं आवरण, ते क्रीममध्ये वितळवून केलेला लालभडक टार्ट. खूप गोड असतो, दोघांत एक पुरे.

टप्पा ७: तिसरा दिवस, हाल मार्केट आणि परत

हाल द लियों पोल बोक्युज हे झाकलेलं मार्केट पार-द्यू स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे, म्हणून ते शेवटी ठेवायचं. लोक पहिल्या दिवशी जातात, किलोभर चीज घेतात आणि मग दोन दिवस हॉटेलच्या खोलीत वास. सकाळी दहाला पोचा, पोटात जागा ठेवून. सें-मार्सेलां चीज मागताना कधी खाणार ते सांगा, आज की परवा, त्याप्रमाणे पिकलेलं निवडून देतात. आजसाठी घेतलेलं इतकं मऊ असतं की चमच्याने खायला लागतं. गुलाबी प्रालीनची पाकिटं भारतात आणायला सोपी, वितळत नाहीत, सांडत नाहीत.

भाव काचेवर लिहिलेले असतात, पण किलोचे की शंभर ग्रॅमचे ते बघा. इथे सगळंच महाग आहे, बसून खायचे स्टॉल तर जास्तच. थोडं थोडं घ्या.

बॅगा हॉटेलवरच राहू द्या आणि मार्केट झाल्यावर उचला, बॅगा घेऊन त्या अरुंद गल्ल्यांत फिरता येत नाही. पार-द्यूला दोन बाजूंची दारं आहेत: हाल आणि मेट्रोच्या बाजूचं पोर्त रोन, आणि विमानतळाच्या ट्रामच्या बाजूचं पोर्त आल्प. भेटायचं ठरवलं असेल तर दाराचं नाव घेऊनच ठरवा. गाडीच्या अर्धा तास आधी बोर्डासमोर, पाकीट पुढच्या खिशात, चीजची पिशवी हातात, आणि डब्याचा नंबर तिकिटावर बघून, तो डबा कुठल्या अक्षरापाशी येतो ते बोर्डवर बघून, प्लॅटफॉर्मवर त्या अक्षराच्या खांबाशी आधीच उभे राहा. दोन गाड्या जोडून सोडतात, चुकीच्या अर्ध्या भागात चढलात तर आतून पलीकडे जाता येत नाही.